पांढरे कोड : शारीरिक स्वरूप, मानसिक आघात आणि नावाचा कलंक

सारांश :
त्वचेवरील पांढरे कोड, म्हणजेच व्हिटिलिगो, ही संसर्गजन्य नसलेली आणि जीवितास धोका न पोहोचवणारी व्याधी आहे. तरीही ती व्यक्तीचे शिक्षण, विवाह, रोजगार व आत्मसन्मान यांवर खोल परिणाम करते. प्रस्तुत लेखात या व्याधीचे शारीरिक स्वरूप, कुष्ठरोगाशी होणारी तिची गल्लत, पारंपरिक कारणमीमांसेचा प्रभाव, मानसिक व सामाजिक परिणाम आणि उपलब्ध उपचारांच्या शक्यता व मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. कोडाचे दुःख डागाच्या आकारापेक्षा त्या डागाला समाजाने दिलेल्या अर्थावर अधिक अवलंबून असते आणि म्हणून त्याच्या निवारणात शिक्षणसंस्थांचा वाटा मोठा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कोड, व्हिटिलिगो, कुष्ठरोग, कलंक, शरीरप्रतिमा, आत्मसन्मान.

प्रस्तावना

मनुष्याची पहिली ओळख त्याच्या चेहऱ्याने व त्वचेने होते. त्यामुळे जी व्याधी बाह्यरूपात बदल घडवते, तिचे परिणाम केवळ शरीरापुरते मर्यादित राहत नाहीत. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेली व्यक्ती आपला आजार कोणाला सांगावा आणि कोणाला सांगू नये हे स्वतः ठरवू शकते. चेहऱ्यावर किंवा हातावर डाग असलेल्या व्यक्तीला हे स्वातंत्र्य नसते. तिने एक शब्द उच्चारण्यापूर्वीच तिच्याविषयी मत बनलेले असते.

भाजल्याचे व्रण, जन्मखुणा, चाई, सोरायसिस, आम्लहल्ल्याच्या जखमा अशा अनेक अवस्थांना हे विधान लागू पडते. तथापि पांढरे कोड हे या सर्वांत विशेष अभ्यासनीय उदाहरण आहे. येथे शरीराची प्रत्यक्ष हानी अत्यल्प, तर मनाची व सामाजिक जीवनाची हानी फार मोठी, अशी विषमता दिसते. जगाच्या लोकसंख्येत या व्याधीचे प्रमाण साधारणतः ०.५ ते २ टक्के मानले जाते आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत तिची सुरुवात वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी होते. म्हणजेच शाळा-महाविद्यालयाचे वय हेच कोड प्रकट होण्याचे वय आहे. या कारणाने हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा न राहता अध्यापकांच्याही आस्थेचा ठरतो.

कोडाचे शारीरिक स्वरूप

त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात. या पेशी मेलॅनिन तयार करून आसपासच्या पेशींना पुरवतात. अशी एक रंगपेशी सुमारे छत्तीस पेशींना रंगद्रव्य पुरवते असे मानले जाते. कोडामध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा या रंगपेशींनाच परके समजून नष्ट करते. ज्या जागी त्या नाहीशा होतात तेथे त्वचा दुधासारखी पांढरी दिसू लागते. डागाच्या कडा स्पष्ट असतात, परंतु त्वचेचा पोत बदलत नाही, स्पर्शाची जाणीव कायम राहते आणि सहसा वेदनाही होत नाही.

ही व्याधी प्रामुख्याने दोन प्रकारची आढळते. पहिल्या व अधिक सामान्य प्रकारात शरीराच्या दोन्ही बाजूंस, विशेषतः डोळे व तोंडाभोवती, बोटांवर, कोपरांवर आणि गुडघ्यांवर डाग उमटतात. दुसऱ्या प्रकारात शरीराच्या एकाच बाजूच्या एखाद्या भागापुरते डाग मर्यादित राहतात. असे डाग काही काळ वेगाने पसरून बहुधा स्थिरावतात. पहिल्या प्रकारात घर्षण होणाऱ्या किंवा जखम झालेल्या जागी नवे डाग उमटण्याची प्रवृत्ती दिसते. घट्ट पट्टा, चपलेचा अंगठा किंवा साडीची गाठ यांच्या जागी कोड दिसते ते यामुळेच.

शरीरावर होणारे अन्य परिणाम मर्यादित आहेत, मात्र ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. रंगद्रव्याचे संरक्षण नसल्याने डागाची जागा उन्हात लवकर भाजते. काही रुग्णांत थायरॉइड ग्रंथीचे स्वयंप्रतिकारजन्य विकार आढळतात. म्हणून त्या ग्रंथीची तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. बुद्धी, कार्यक्षमता, आयुर्मान किंवा प्रजननक्षमता यांवर कोडाचा परिणाम होत नाही.

त्वचेवरील प्रत्येक पांढरा डाग हे कोड नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. काही रसायनांच्या संपर्काने रंगपेशी नष्ट होतात. टिकलीच्या चिकट पदार्थातील रसायनामुळे कपाळावर आणि रबरी चपलांतील रसायनामुळे पावलावर पडणारे पांढरे डाग भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. जपानमध्ये २०१३ साली त्वचा उजळ करणाऱ्या काही प्रसाधनांमुळे हजारो ग्राहकांच्या त्वचेवर असे डाग पडले आणि ती उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. गोरेपणाच्या ओढीतूनच ज्याची भीती वाटते तो पांढरा डाग ओढवावा, यातील विसंगती लक्षणीय आहे.

नावातील गोंधळ

कोडाविषयीच्या भीतीचे एक मूळ भाषेत आहे. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ ही संज्ञा एका रोगासाठी नसून त्वचाविकारांच्या एका विस्तृत वर्गासाठी योजली आहे. त्यात अठरा प्रकार सांगितले आहेत. पांढऱ्या डागांसाठी ‘श्वित्र’ व ‘किलास’ या स्वतंत्र संज्ञा होत्या. ‘किलास’ हा शब्द तर अथर्ववेदातही येतो. काळाच्या ओघात ‘कुष्ठ’ ही संज्ञा आधुनिक वैद्यकातील एका जिवाणुजन्य रोगाशी निगडित झाली. त्याच संस्कृत शब्दापासून आलेला ‘कोढ’ हा शब्द हिंदीत त्या रोगाचा वाचक बनला, तर मराठीत ‘कोड’ हा शब्द पांढऱ्या डागांसाठी रूढ झाला. त्यात ‘श्वेतकुष्ठ’ या नावाची भर पडली. परिणामी दोन सर्वस्वी भिन्न व्याधी एकाच नावाच्या छायेखाली आल्या.

वस्तुतः कुष्ठरोग हा जिवाणूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली त्या जिवाणूचा शोध लावला. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा पांढरा नसतो आणि त्या जागी बहुधा संवेदना कमी झालेली असते. कोडात जिवाणू नाही, संसर्ग नाही आणि बधिरताही नाही. हा भेद इतका सोपा असूनही सुशिक्षितांमध्येदेखील त्याचे अज्ञान आढळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘हा कुष्ठरोग नव्हे’ असे सांगून कोड असलेल्यांची भीती दूर करताना कुष्ठरुग्णांवरील कलंक पक्का होऊ नये. कुष्ठरोगही बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपुष्टात येतो. बाबा आमटे यांचे वरोऱ्याजवळील आनंदवन आणि शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावती येथील तपोवन या संस्थांची परंपरा लाभलेल्या महाराष्ट्रात एका रुग्णाची सुटका दुसऱ्याला दूर लोटून होऊ नये, एवढे भान अपेक्षित आहे.

पारंपरिक कारणमीमांसा आणि अपराधभाव

रोगाला नाव मिळाले की लगेच त्याचे कारण विचारले जाते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात किलासाच्या कारणांमध्ये असत्य भाषण, कृतघ्नता, देवांची निंदा, गुरूंचा अवमान, पापकर्म, पूर्वजन्मीचे कर्म आणि परस्परविरोधी अन्न यांची गणना केली आहे. दूध व मासे एकत्र खाल्ल्याने कोड फुटते ही आजही घरोघरी ऐकू येणारी समजूत आणि हे कोणत्या तरी पापाचे फळ आहे ही कुजबुज, या दोन्हींशी जुळणारे उल्लेख येथे सापडतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहासाठी वर्ज्य कुळांच्या यादीत श्वित्र व कुष्ठ यांचा निर्देश निरनिराळा आहे. म्हणजे दोन व्याधींतील भेद त्या काळी ज्ञात होता, पण सामाजिक परिणाम दोहोंचा एकच होता. ही वृत्ती केवळ भारतीय नाही. प्राचीन पर्शियन लोक अशा रुग्णांना नगराबाहेर ठेवत आणि सूर्याविरुद्ध केलेल्या पापाचे ते फळ मानत, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने केली आहे.

आधुनिक संशोधनात दूध-मासे किंवा आंबट पदार्थ यांमुळे कोड होते, या समजुतीला आधार मिळालेला नाही. परंतु अशा समजुतींचे मानसिक मूल्य मोठे असते. आहार कारण मानला की आई अपराधी ठरते. पाप कारण मानले तर रुग्ण स्वतः अपराधी ठरतो. पथ्याच्या नावाखाली वाढत्या वयातील मुलांचे दूध, दही, मासे, लिंबूवर्गीय फळे बंद केली जातात आणि ज्या व्याधीने शरीराला फारसा अपाय केला नसता, तिच्या पथ्याने पोषणाची हानी होते. तसेच, आपण काहीतरी चुकीचे केले म्हणून हे घडले, ही भावना मुलाच्या मनात घर करते.

मानसिक परिणाम

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टिग्मा’ या ग्रंथात कलंकित व्यक्तींच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत. ज्यांचा कलंक उघड दिसतो त्या व्यक्तींना इतरांशी होणाऱ्या प्रत्येक भेटीतील ताण हाताळावा लागतो. ज्यांचा कलंक झाकलेला असतो त्यांना माहिती उघड होऊ न देण्याची दक्षता बाळगावी लागते. कोडाच्या बाबतीत एकच व्यक्ती या दोन्ही अवस्थांतून जाते. डाग कपड्याखाली असेपर्यंत लपवण्याचा ताण आणि तो हातावर किंवा ओठांवर आला की सामोरे जाण्याचा ताण. पूर्ण बाह्यांचे कपडे, छायाचित्र टाळणे, मागच्या बाकावर बसणे, पोहणे व खेळ सोडणे, स्नेहसंमेलनातून अंग काढून घेणे, ही या ताणाची दृश्य रूपे होत.

विविध देशांतील अभ्यासांतून कोड असलेल्या व्यक्तींत नैराश्य व चिंता यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळले आहे. त्वचाविकाराचा जीवनावरील परिणाम मोजण्यासाठी १९९४ साली फिनले व खान यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तीत शून्य ते तीस असे गुणांकन असते. अशा मापनांतून एक महत्त्वाची बाब पुढे आली. डागाने व्यापलेले क्षेत्र आणि मानसिक त्रास यांचे प्रमाण सरळ नसते. पाठीवरील मोठ्या डागापेक्षा बोटावरील लहान डाग अधिक छळू शकतो. सावळ्या त्वचेवर पांढरा डाग अधिक उठून दिसत असल्याने भारतीय संदर्भात हा त्रास आणखी तीव्र होतो.

या संदर्भात क्लेक व स्ट्रेंटा यांचा १९८० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्बोधक आहे. सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर रंगभूषेने खोटा व्रण काढण्यात आला व तो त्यांना आरशात दाखवण्यात आला. नंतर व्रण टिकावा म्हणून लेप लावत असल्याचे भासवून तो त्यांच्या नकळत पुसून टाकण्यात आला. चेहरा स्वच्छ असतानाही समोरची व्यक्ती अवघडून वागत होती, असे या सहभागींनी सांगितले. अपेक्षाच अनुभवाला कसा आकार देते, हे यातून दिसते.

तथापि भेदभाव हा केवळ मनाचा खेळ आहे, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे ठरेल. रम्सी व सहकाऱ्यांनी १९८२ साली रस्त्यावर केलेल्या निरीक्षणात चेहऱ्यावर खूण असलेल्या व्यक्तीपासून पादचारी अधिक अंतर राखून आणि खूण नसलेल्या बाजूस उभे राहतात, असे आढळले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. प्रत्यक्ष टाळले जाण्याचा अनुभव आधी येतो, त्यातून टाळले जाण्याची अपेक्षा निर्माण होते, अपेक्षेतून व्यक्ती स्वतःच मिटून जाते आणि तिचे मिटणे पाहून इतर अधिक दूर होतात. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते आणि ते तोडण्याची पहिली जबाबदारी डाग नसलेल्यांवर येते.

विवाह व कुटुंब

महाराष्ट्रीय समाजात कोडाचा सर्वांत मोठा आघात विवाहाच्या टप्प्यावर होतो आणि तो स्त्रीला अधिक सोसावा लागतो. घरातील एकाला कोड असल्यास भावंडांच्या विवाहातही अडचणी येतात. म्हणून कुटुंब त्या व्यक्तीला पाहुण्यांसमोर येऊ देत नाही. येथे आनुवंशिकतेची भीती पुढे केली जाते. आनुवंशिक घटक या व्याधीत आहेत, हे खरे. परंतु निकटच्या रक्ताच्या नात्यात कोड असण्याची शक्यता साधारणतः ५ ते ८ टक्के आढळते. जनुकीय रचना जवळपास तंतोतंत सारखी असलेल्या एकसारख्या जुळ्यांमध्येही एकास कोड असता दुसऱ्यास ते असण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्केच दिसून आले आहे. आनुवंशिकता म्हणजे अटळ नियती नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले. कोडाचा तसा उल्लेख त्या कायद्यात नव्हताच. पण कायद्याने जे कधी म्हटले नाही ते समाज पाळत आला आहे. या मनोवृत्तीचे दर्शन सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘नितळ’ (२००६) या मराठी चित्रपटातून घडते. कोड असलेली सुशिक्षित तरुणी आणि तिला न्याहाळणारे एक सुसंस्कृत कुटुंब हा त्याचा विषय आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्वेता असोसिएशनने कोड असलेल्या व्यक्तींना एकत्र आणून संकोचमुक्त संवादाची सोय केली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

उपचार : शक्यता आणि मर्यादा

कोडावर काहीच उपाय नाही आणि कोड हमखास बरे होते, ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. बावचीच्या बिया व सूर्यप्रकाश यांचा उपयोग भारतात प्राचीन काळापासून होत आला आहे. त्यातील सोरालेन या द्रव्यावर आधारलेली प्रकाशचिकित्सा विसाव्या शतकात आधुनिक वैद्यकात आली. आज प्रामुख्याने ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा उपचार दिला जातो. तो आठवड्यातून दोन-तीन वेळा, अनेक महिने घ्यावा लागतो. लावण्याची मलमे आणि व्याधी स्थिर झाल्यावर रंगपेशींचे रोपण हे अन्य मार्ग आहेत. अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये रुक्सोलिटिनिब या मलमास बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. त्याच्या चाचण्यांत चोवीस आठवड्यांनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरील डागांत ७५ टक्के किंवा अधिक सुधारणा दिसली.

नवा रंग बहुधा केसांच्या मुळांतून परततो. तेथील राखीव पेशी वर येतात व डागात तपकिरी ठिपके दिसू लागतात. म्हणून चेहऱ्यावर उपचारांना प्रतिसाद चांगला मिळतो, तर केसविरहित अशा बोटांची टोके व ओठ यांवर तो अल्प असतो. ज्या हातांनी व्यक्ती लिहिते, वाढते व नमस्कार करते, तेच हात उपचारांना सर्वांत कमी दाद देतात. शिवाय उपचार थांबल्यावर अनेकांत डाग पुन्हा दिसू लागतात. त्यामुळे ‘रंग परत येणे’ हेच आरोग्याचे एकमेव परिमाण मानले तर असंख्य व्यक्तींच्या वाट्याला केवळ निराशा येईल आणि हमखास गुण देण्याच्या जाहिराती करणाऱ्यांचे फावेल. उपचारांच्या जोडीला समुपदेशन, विचारपद्धतीत बदल घडवणारी मानसोपचारपद्धती आणि रुग्णांच्या स्वमदत गटांतील संवाद यांचे महत्त्व म्हणूनच अधोरेखित होते.

महाविद्यालयाची भूमिका

अध्यापकाने वैद्य व्हावे, अशी अपेक्षा नाही. मात्र वर्गात नियमित येणारा विद्यार्थी अचानक गैरहजर राहू लागला, प्रात्यक्षिकात हात लपवू लागला किंवा तोंडी परीक्षेला घाबरू लागला तर त्यामागे अभ्यासातील उणीवच असेल असे गृहीत धरू नये. अशा विद्यार्थ्याशी सर्वांसमक्ष त्याच्या डागाविषयी बोलू नये. एकांतात, त्याची इच्छा असेल तरच बोलावे आणि ‘अमुक औषध करून पाहा’ या सल्ल्यापासून दूर राहावे. असा सल्ला त्याने यापूर्वी अनेकदा ऐकलेला असतो आणि प्रत्येक वेळी आपण जसे आहोत तसे पुरेसे नाही, एवढेच त्याला त्यातून ऐकू येते. वसतिगृहातील भांडी, अंथरूण व स्नानगृह वेगळे ठेवण्याची मागणी कोणी केल्यास ती अशास्त्रीय असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते.

अभ्यासक्रमातही या विषयाला अनेक दारे आहेत. जीवशास्त्रात रंगद्रव्य व स्वयंप्रतिकार, मानसशास्त्रात शरीरप्रतिमा, समाजशास्त्रात कलंकाचा सिद्धांत, भाषाविषयात ‘कोड’ व ‘कुष्ठ’ यांचा शब्देतिहास आणि विधी अभ्यासात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हे घटक शिकवताना या उदाहरणाचा उपयोग करता येईल. त्या कायद्यात कुष्ठरोगमुक्त व आम्लहल्ल्याने पीडित व्यक्तींचा समावेश आहे, कोडाचा नाही. कार्यक्षमता कमी न करणाऱ्या, पण संधी हिरावून घेणाऱ्या अवस्थेला कायद्याने कोणत्या वर्गात बसवावे, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या चर्चेस योग्य आहे. २५ जून हा जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो. कोडाने ग्रस्त असलेले गायक मायकेल जॅक्सन यांचा तो स्मृतिदिन होय. त्या निमित्तानेही असा उपक्रम योजता येईल.

निष्कर्ष

पांढरे कोड ही रंगपेशींची व्याधी आहे. तिचे दुःख मात्र मुख्यतः नजर, नाव व समजूत यांतून उत्पन्न होते. नावाने तिला संसर्गाच्या भीतीशी जोडले, परंपरेने पापाशी जोडले आणि विवाहव्यवस्थेने उणेपणाशी जोडले. वैद्यकाने तिचे कारण बऱ्याच अंशी उलगडले असले तरी प्रत्येक डाग पुसण्याचे सामर्थ्य त्याच्याजवळ अद्याप नाही. तोपर्यंत डागासह सन्मानाने जगता येईल असे वातावरण निर्माण करणे हाच सर्वांना उपलब्ध असलेला उपाय आहे. त्यासाठी औषधाची गरज नाही. योग्य माहिती आणि डागावर न थबकता व्यक्तीपर्यंत पोहोचणारी दृष्टी पुरेशी आहे. ही दृष्टी वर्गातच घडवता येते, म्हणून या व्याधीच्या निवारणात अध्यापकाचे स्थान वैद्याच्या बरोबरीचे आहे.